दवाखान्यामागचा बगीचा

एसटीतून रिटायर झाले आणि गुडघ्यांनी डोकं वर काढलं. कंडक्टरची नोकरी म्हणजे उभ्यानं केलेली नोकरी. रिसोड, मालेगाव, कारंजा, परत रिसोड. रस्त्यातला एकेक खड्डा गुडघ्यात जाऊन बसलेला. डॉक्टर म्हणाले, रोज सकाळी सपाट जागेवर चाला. आमच्या कॉलनीत सपाट म्हणावी अशी जागा एकच, सरकारी दवाखान्याच्या मागच्या भिंतीला लागून असलेलं मोकळं मैदान. तेही नावालाच सपाट होतं. एका कोपऱ्यात कुणीतरी टाकलेला घराचा मलबा, दुसऱ्या कोपऱ्यात वेड्या बाभळी, मधे बकऱ्या. पण पाच-सहा मोठे कडुनिंब होते आणि त्यांच्यामुळे त्या जागेला किंमत होती.

सकाळी आम्ही कॉलनीतले लोक तिथं फिरायचो. दुपारी तिथं दुसरेच लोक यायचे. दवाखान्यात पेशंट भरती असला की सोबत एकालाच आत थांबू देतात. बाकीचे घरचे, खेड्यापाड्यांतून आलेले, त्या निंबाखाली धुडकं अंथरून बसायचे. भाकरी सोडायचे, लेकरं झोपवायचे, डब्यातलं पाणी पुरवून पुरवून प्यायचे. मला त्यातले काही चेहरे ओळखीचे वाटायचे. माझ्या गाडीत बसलेले असणार.

तीन वर्षांपूर्वी तिथं बगीचा करायचं ठरलं. ठरलं ते चांगलंच होतं. मलबा उचलला, बाभळी काढल्या, कंपाउंडची भिंत झाली, लोखंडी गेट बसलं. चालायला सिमेंटच्या गट्टूंचा ट्रॅक, लेकरांसाठी झोके आणि घसरगुंडी, मोठ्यांसाठी व्यायामाची मशिनं, मधोमध एक कारंजं. ट्रॅकची चुन्याची रेघ मारली तेव्हा ती थेट सगळ्यात मोठ्या निंबाच्या बुडातून गेली होती. गेटसमोर टेलरिंगचं दुकान आहे, त्या दुकानवाल्यांना सगळे मास्टर म्हणतात. वय झालेले, पांढरी दाढी, नाकावर चष्मा. त्यांनी मशीन थांबवलं, रस्ता ओलांडून आले आणि मजुरांना म्हणाले, "ह्या झाडाले हात नोका लावू भाऊ. तुमी सोताच दुपारी याच्याखाली जेवता ना?"

मजूर हसले. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, नकाशात रेघ सरळ आहे. कॉलनीतल्या आम्ही चार बायका तिथं जाऊन उभ्या राहिलो. दोन दिवस ते काम अडलं. मग इंजिनियर आले, झाडाकडे पाहिलं, नकाशाकडे पाहिलं आणि म्हणाले, वळवून घ्या. आमचा ट्रॅक त्यामुळे एका जागी पोट सुटल्यासारखा वळतो. चालणाऱ्याला त्याची काही अडचण होत नाही.

बगीचा सुरू झाला आणि सकाळ-संध्याकाळ तिथं जत्रा भरायला लागली. माझे गुडघे त्या ट्रॅकवर खरंच सुधारले. पण गेटवर पाटी लागली होती. सकाळी अमुक ते अमुक, संध्याकाळी अमुक ते अमुक. मधल्या वेळात बगीचा बंद. चौकीदार सकाळची गर्दी ओसरली की कुलूप लावायचा आणि जेवायला घरी जायचा. हिवाळ्यात कुणाला त्याचं काही वाटलं नाही. दवाखान्यातले लोक कोवळ्या उन्हात कुठंही बसतात. चैत्र लागला आणि भिंतीला टेकून माणसं दिसायला लागली. भिंतीची सावली दुपारी हातभर सुद्धा पडत नाही. त्या हातभर सावलीत पाय आखडून बायामाणसं बसायची आणि गेटाच्या गजांमधून आतल्या निंबांकडे पाहायची.

मास्टरांनी दुकानाच्या छपरीखाली रांजण भरून ठेवायला सुरुवात केली. तीनचार माणसं त्यांच्या छपरीत मावायची. बाकीची भिंतीशी.

वैशाखातली गोष्ट. बाजारातून भाजी घेऊन मी परत येत होते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. डांबर पायाला चिकटत होतं. भिंतीशी एकच बाई बसलेली, पन्नाशीची असेल, डोक्यावरून पदर, मांडीवर कापडी पिशवी. बाकी सगळे सावली शोधत कुठं कुठं गेले होते. मी थांबले.

"बाई, उन्हात काहून बसल्या? समोर दुकानात सावली हाय, तिथं बसा ना."

"नाई माय," ती म्हणाली. "पोरीले आतमंदी नेलं. आपरेशन करून राह्यले. मले म्हणे बाहेर थांबा. इथून ते मागचं दार दिसते. हाक मारली तं गेली पायजे ना मी."

ती कामरगावाच्या पलीकडच्या एका खेड्यातली. पोरगी पहिलटकरीण, माहेरी बाळंतपणाला आलेली. कारंज्याच्या दवाखान्यातून त्यांना इकडं पाठवलं होतं. जावई पुण्याकडं कंपनीत होता, रात्रीपर्यंत पोहोचणार होता. हे सगळं तिनं दाराकडे पाहत सांगितलं, माझ्याकडे नाही. मी विचारलं, जेवली का. ती म्हणाली, पोरगी मोकळी झाली का मग जेवते.

"बरं, पाणी तरी आणून देते," म्हटलं आणि मी मास्टरांकडे गेले. भाजीची पिशवी त्यांच्या पाटावर ठेवली, रांजणातून तांब्या भरला. वळून पाहते तर बाई भिंतीवरून घसरून आडवी झालेली. पिशवी बाजूला पडलेली.

मी ओरडले. मास्टर धावत आले, त्यांचं ते धावणं म्हणजे भरभर चालणंच. बाईचं अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा टिपूस नाही. डोळे अर्धे उघडे, पण ओळख नाही. मास्टरांनी तांब्याभर पाणी तिच्या डोक्यावर, मानेवर घातलं. तोंडात घालायला मी पुढं झाले तर म्हणाले, "नोको बाई, ठसका लागन. आधी दवाखान्यात न्या." कोपऱ्यावरचा ऑटोवाला आमचा आवाज ऐकून आला. दवाखाना भिंतीपलीकडेच होता, पण मागच्या दारानं आत सोडत नाहीत आणि पुढचं दार रस्त्याला वळसा घालून. आम्ही तिला ऑटोत घातलं. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले.

आत मात्र सगळं भरभर झालं. एक तरुण डॉक्टरीण होती, तिनं बाईला पाहिलं आणि लगेच ओल्या चादरी मागवल्या, सलाइन लावली, पंखा ओढून आणला. मला म्हणाली, "ऊन लागलंय. वेळेत आणलंत. तुम्ही कोण यांच्या?"

मी म्हटलं, "कोणी नाही, रस्त्यात भेटली." आणि मग मला तिची पोरगी आठवली.

बाळंतिणींचा वॉर्ड वरच्या मजल्यावर. गुडघे घेऊन मी जिने चढले. दारात पोहोचले तर नर्स बाहेर येऊन हाका मारत होती. कामरगावकडच्या पेशंटचं कोण आहे? कोणी आहे का बरोबर? त्या व्हरांड्यात चार-पाच माणसं होती, ती एकमेकांकडे पाहायला लागली. नर्सच्या हातात गुंडाळलेलं बाळ होतं.

"मी आहे," मी म्हटलं.

"कोण लागता?"

"मावशी."

हे शब्द तोंडातून गेले तेव्हा मी काही विचार केला नव्हता. नोकरीत मी खूप वेळा असं पाहिलं होतं, की गाडीत कुणाची तब्येत बिघडली आणि शेजारच्या सीटवरचा परका माणूस म्हणाला, मी त्यांचा भाऊ. पण मी स्वतः पहिल्यांदाच म्हणाले.

"मुलगी झाली. कपडे आणलेत का बाळाचे?"

कपडे त्या पिशवीत. पिशवी भिंतीशी. मी खिडकीतून पाहिलं तर मास्टर पिशवी हातात घेऊन मागच्या दाराशी उभे होते, आत सोडत नव्हते म्हणून. एका वॉर्डबॉयनं ती वर आणून दिली. पिशवीत वर भाकरीचं गाठोडं होतं, त्याच्याखाली जुन्या लुगड्याचे मऊ तुकडे, धुऊन, उन्हात वाळवून, घडी घालून ठेवलेले. नर्सनं त्यातल्या एका तुकड्यात बाळाला गुंडाळलं आणि माझ्याकडे दिलं. "बसा इथं. आई अजून गुंगीत आहे. झोपवू नका खाली, हातात घ्या."

मी बसले. माझा मुलगा आता पस्तिशीचा आहे, इतकं छोटं लेकरू घेऊन मला जमाना झाला होता. हात आधी ताठ झाले, मग त्यांना आपोआप आठवलं. बाळानं एक डोळा उघडला, मिटला. खालच्या मजल्यावर हिची आजी बेशुद्ध, इथं पडद्याआड हिची आई बेशुद्ध, आणि ही मात्र माझ्या हातावर मजेत झोपलेली. मी घरी फोन लावला. माझे यजमान एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, दुपारची झोप त्यांना प्यारी. म्हणाले, "भाजी कुठं राहिली?" मी म्हटलं, भाजी मास्टरकडे आहे आणि मी बाळंतिणीजवळ आहे. पलीकडून जांभई ऐकू आली. मग म्हणाले, "कोणाच्या?"

पोरगी शुद्धीवर आली तेव्हा तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"माय कोठी हाय?"

"खाली हाय. तिले जरा ऊन लागलं, सलाइन लावली. बरी हाय आता."

"तुमी कोण?"

"मी इथंच राहतो, बगीच्यापाशी." आमच्याकडे बायाही असंच बोलतात. एसटीत असताना मी शहरी बोलायला शिकले, पण अशा वेळी तोंडात घरचीच भाषा येते. "हे पाय, तुई पोरगी."

तिनं बाळाकडे पाहिलं आणि रडायला लागली. टाके दुखतील म्हणून नर्स तिला रागावली. मग मीही नर्सच्या बाजूनं रागावले. काहीतरी करायला हवं होतं.

दिवस कलला तसा तिच्या आईचा ताप उतरला. मी खाली गेले तेव्हा ती उठून बसायच्या प्रयत्नात होती.

"पोरगी कशी हाय?" तिनं विचारलं.

"चांगली हाय. गोरीपान हाय, केस लय हायेत डोक्यावर."

"माई पोरगी वं, माई!"

"ते बी चांगली हाय," मी म्हटलं. ती पुन्हा पडली आणि डोळ्यांवर हात ठेवून हसायला लागली. जावई आल्यावर मी घरी गेले. मास्टरांनी भाजी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी मी नगरपालिकेत गेले. बगीच्याचं काम पाहणारे अधिकारी नवीन होते, तरुण, सांगलीकडचे. बसा म्हणाले. मी कालची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, दुपारी कुलूप काढा.

त्यांनी ऐकून घेतलं. मग त्यांची बाजू सांगितली आणि ती काही खोटी नव्हती. "मावशी, दुसऱ्या वॉर्डातला बगीचा आम्ही दिवसभर उघडा ठेवला होता. दुपारी तिथं पत्ते, दारू. झोक्यांच्या साखळ्या चोरीला गेल्या. माझ्याकडे एका बगीच्याला एकच चौकीदार आहे. तो चोवीस तास कसा उभा राहील?"

"ते बरोबर आहे साहेब," मी म्हटलं. "पण तुम्ही एकदा दुपारी येऊन पाहा. भर दुपारी या, जेवून या."

ते येतील असं मला वाटलं नव्हतं. पण दोन दिवसांनी आले. जीप त्यांनी लांब लावली आणि चालत आले, डोक्याला रुमाल बांधून. भिंतीशी त्या दिवशी बरेच लोक होते. साहेब एका म्हाताऱ्याशेजारी उभे राहिले. म्हातारा रिसोडकडचा, धोतरातला. साहेबांनी विचारलं, कधीपासून बसलात?

"सकाळपासून. सुनेचं आपरेशन हाय उद्या. पोरगं आत हाय तिच्यापाशी."

"घरी का जात नाही?"

"घरी जाऊन काय करू जी? जीव तं इथंच हाय."

साहेब थोडा वेळ त्या म्हाताऱ्याजवळच थांबले. घामानं त्यांचा शर्ट पाठीला चिकटला. मग त्यांनी चौकीदाराला घरून बोलावून कुलूप काढायला लावलं. लोक लगेच आत गेले नाहीत. त्यांना वाटलं साहेबांची पाहणी चालू आहे. मास्टरांनी दुकानातून हात केला, "अरे जा ना अंदर, उघडलं तुमच्यासाठीच!" तेव्हा उठले.

साहेब मला म्हणाले, "उन्हाळाभर उघडं ठेवतो. पण दुपारी कुणीतरी जबाबदार माणूस पाहिजे. काही झालं तर मी कुणाला विचारू?"

"मला विचारा," मी म्हटलं.

कॉलनीत सगळ्यांना हे आवडलं नाही. आमच्या ओळीत एक हेडक्लार्क राहतात, रिटायर झालेले, शिस्तीचे. ते संध्याकाळी ट्रॅकवर माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "कंडक्टरबाई, तुम्ही बगीच्याची धर्मशाळा करून टाकली. बघा आता काय होते ते."

आणि झालंही. पहिल्याच आठवड्यात ट्रॅकवर खर्र्याच्या पिचकाऱ्या पडल्या. केळीची सालं कारंज्याच्या हौदात. कुणी जास्वंदीची सगळी फुलं तोडून नेली, देवाला म्हणून. चार टोळभैरव पत्ते घेऊन आले. त्यांना मी गाडीतल्या आवाजात "चला, उठा, खाली उतरा!" म्हटलं आणि ते उठले, कुठं उतरायचं हे न विचारता. पण आवाज सारखा चालत नाही. एकटीनं दुपारभर बसणंही जमेना. मग आम्ही बायकांनी वाटून घेतलं, एक दिवस हिनं, एक दिवस तिनं. कुणी तूर निवडायला घेऊन यायची, कुणी मोबाइल. गेटाशी दोन मोठे डबे ठेवले, कचऱ्यासाठी. आत येणाऱ्याला आम्ही आधी डबे दाखवायचो, मग सावली.

मास्टरांनी दुकानातला रांजण निंबाखाली हलवला आणि आणखी एक आणला. त्यांच्या मोहल्ल्यातले दोघं-तिघं सकाळी तो भरून जायचे. एका दुपारी घसरगुंडीवरून एका लेकराचा पाय भाजला. पत्रा तापून लाल झालेला. मास्टरांनी पोती उसवून, जोडून त्या घसरगुंडीच्या मापाचं झाकण शिवलं. दुपारी झाकण ओलं करून घालायचं, संध्याकाळी काढायचं. झोक्यांच्या पाट्यांनाही त्यांनी तशाच गवसण्या केल्या. एका बाईनं त्या पाहून विचारलं, "मास्टर, माह्या उशीच्या खोळी शिवून देता का?" तिथंच कपडा देऊन गेली. नवरा दवाखान्यातून सुटला त्या दिवशी खोळी घेऊन गेली.

कॉलनीतल्या काही घरांनी चटया दिल्या. आठवड्यातून एकदा कुणाकडून तरी ताक यायचं, मोठ्या स्टीलच्या गंजात, जिरं-मीठ घालून. कधी कुणाच्या वाढदिवसाचं, कधी कुणाच्या वर्षश्राद्धाचं. शिक्षिका असलेली एक शेजारीण सकाळी लेकरांचं उन्हाळी शिबिर घ्यायची; तिनं दुपारीही रंगाचे खडू ठेवून जायला सुरुवात केली, दवाखान्यातल्या लोकांची लेकरं कंटाळतात म्हणून. त्या लेकरांनी कंपाउंडच्या आतल्या भिंतीवर ट्रॅक्टर, गाई, एसटी असं सगळं काढून ठेवलं. एसटीला कंडक्टर कुणी काढला नव्हता. मी सांगून काढून घेतला.

हेडक्लार्कांनी माझ्याशी बोलणं सोडलं ते सोडलंच. पण मे महिन्यात बगीच्यातलं गवत करपायला लागलं. बोअरचं पाणी कमी झालं होतं. एका पहाटे मी चालायला गेले तर ते आपल्या घरातून लांबच लांब पाइप आणून गवतावर पाणी मारत होते. मी म्हटलं, बरं केलं तुम्ही. त्यांनी पाइप दुसरीकडे वळवला. त्यांचा राग माझ्यावर होता, गवतावर नव्हता, आणि मला तो रास्त वाटला. निंबाखालचं गवत बसून बसून गेलं होतं. ते काही परत उगवलं नाही. तिथं आता नुसती चोपलेली माती आहे.

कामरगावकडची ती बाई नंतर आली नाही. टाके निघाल्यावर ते सगळे गावी गेले. जाताना जावई घरी येऊन पाया पडून गेला. पुढं त्याच भागातल्या एका बाईनं निंबाखाली बसून सांगितलं, पोरगी चांगली बाळसेदार आहे, रांगते. मी विचारलं, नाव काय ठेवलं? तिला माहीत नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात सांगलीकडचे साहेब बदलून गेले होते. गेटला दुपारी पुन्हा कुलूप दिसलं. मी पदर खोचून नगरपालिकेत जायच्या तयारीत होते, तर चौकीदारच म्हणाला, "बाई, आर्डर नाई आली अजून. पण उघडतो मी. नाई तं तुमी मले बसू देसान का?" ऑर्डर मागाहून आली.

त्या वर्षी मात्र बायांनी मला दुसरीच गोष्ट सांगितली. मालेगावकडची एक तरुण बाई, सासूला घेऊन आलेली, माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाली, "मावशी, सावली हाय, पाणी हाय, पण बाईमाणसानं जावं कुठं?" दवाखान्यातले संडास आतल्यांनाच पुरत नव्हते. बसस्टँड लांब. ती सकाळपासून पाणी न पिता बसली होती. रांजण दोन हातांवर होता. मला लाज वाटली नाही, पण राग आला, की एवढ्या मोठ्या बगीच्यात झोके आले, कारंजं आलं, आणि हे कुणाला सुचलं नाही. मलाही सुचलं नव्हतं. मी तर घरी जाऊन येत होते.

नवीन साहेब पन्नाशीचे होते. मी गेले, बरोबर आठ-दहा बायका नेल्या आणि त्या मालेगावच्या बाईलाही. साहेबांसमोर ती लाजून बोलेना. मग तिची सासू बोलली, दवाखान्यातून सुट्टी मिळालेली, हातावर पट्टी. "साहेब, तुमच्या घरच्या बाया दिवसभर कुठं जातेत?" साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट इकडचा तिकडं ठेवला आणि म्हणाले, जागा दाखवा.

जागेवरून महिनाभर भांडणं झाली. कुणालाच आपल्या घरासमोर ते नको होतं. शेवटी दवाखान्याच्या भिंतीकडची बाजू ठरली, जिथं आधी मलबा होता. पावसाळ्यात काम थांबलं, दिवाळीनंतर पुन्हा सुरू झालं, टाकी बसायला आणखी वेळ गेला. या वर्षी शिवरात्रीच्या सुमारास ते तयार झालं. दोन बायांचे, एक पुरुषांचा. दारं पत्र्याची आहेत, उन्हात तापतात. पण कडी आतून नीट लागते आणि नळाला पाणी आहे. झाडायला एक बाई ठेवली आहे, ती सकाळी येते. दुपारी ज्या कुणाची पाळी असेल ती एक बादली ओतून येते. काल माझी पाळी होती.